नाक जमिनीवर कसं राहील? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सोयाबीन निघालं, रानं मोकळी झाली की या सदराकडे कुत्र्यांविषयीची पत्रं वाढतात. यंदा बहुतेकांनी माग काढायच्या शिक्षणाबद्दल विचारलं आहे, म्हणून त्या प्रश्नांना जागा जास्त दिली आहे.

औसा तालुक्यातून : नऊ आठवड्यांची जर्मन शेफर्ड मादी आणली आहे. तिला माग काढायला शिकवून पुढे स्पर्धेत उतरवायचं आहे. घरचं शेत आहे. गावातले जाणते म्हणतात, वर्षाची झाल्याशिवाय हात लावू नका. सुरुवात कधी आणि कशी करावी?

सुरुवात याच आठवड्यात करा. उड्या, पळापळ, कडक आज्ञापालन यांना वय लागतं, माग काढण्याला लागत नाही. या वयात पिल्लू भुकेच्या ओढीनं नाक खाली घालतं आणि तीच सवय आपल्याला पक्की करायची असते. वर्षभर थांबलात तर तोवर ती डोळ्यानं शोधायला शिकलेली असेल आणि मग नाक खाली आणायला दुप्पट मेहनत पडेल.

आधी लसीकरणाचं बघा. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांची होईपर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. हे डोस पुरे होईपर्यंत गावची मोकाट कुत्री जिथे फिरकत नाहीत असाच घरच्या रानाचा तुकडा निवडा. गावठाण, बाजारतळ, शाळेचं मैदान नको.

माणूस चालतो तिथे दोन वास पडतात. पायाखाली दबलेल्या मातीचा आणि चिरडलेल्या गवताचा वास पावलाच्या ठशातच राहतो. अंगावरून सतत झडणाऱ्या त्वचेच्या कणांचा वास मात्र वाऱ्यानं दोन्ही अंगांना पसरतो. स्पर्धेत कुत्र्यानं पावलामागून पाऊल घेत जायचं असतं, म्हणून सुरुवातीला ठशातला वास ठळक राहील अशी जमीन हवी. वापशावर वखरलेलं काळं रान याला उत्तम. ओल असते, ठसा उमटतो, आणि तुमचा माग तुम्हालाही दिसतो. ही शेवटची गोष्ट नवशिक्याला फार उपयोगी पडते. पाऊस पडून गेल्या गेल्या मात्र जाऊ नका. पिल्लाच्या पंजाला मातीचे गोळे चिकटतात आणि त्याचं सगळं लक्ष पायाकडे जातं. सोयाबीन किंवा तूर काढलेल्या रानात वखर फिरला नसेल तर तिथेही नको. तिथली अणकुचीदार धसकटं पंजात आणि नाकपुडीत घुसतात, आणि एकदा नाकाला इजा झाली की पिल्लू नाक खाली घालायला कचरतं. वखरलेलं रान नसेल तर आखूड गवताचा माळ चालेल.

साहित्य थोडंच लागतं : साधा रुंद पट्टा, दोन मीटरची दोरी, ओळखीसाठी चिंध्या बांधलेल्या चार काठ्या आणि खाऊ. खाऊ म्हणजे बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा काळीज, वाटाण्याएवढे तुकडे करून. मांसाहार नसेल तर पनीर. सकाळचं खाणं न देता न्यायचं. तिचं जेवण शेतातच होईल.

पहिले चार-पाच दिवस फक्त चौकोन करायचा. साधारण एक मीटर लांबी-रुंदीची जागा मिनिटभर पायानं नीट तुडवा. तुडवलेल्या भागातच पंधरा-वीस तुकडे टाका, बाहेर एकही पडू देऊ नका. मोठं पाऊल टाकून बाहेर या, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग पिल्लाला आत सोडा. तोंडानं काही बोलू नका, बोट दाखवू नका. नाक चौकोनाबाहेर गेलं की तिथे काहीच मिळत नाही, आत आलं की मिळतं. हे तिला स्वतःला कळू द्या. एका सकाळी असे दोन-तीन चौकोन पुरेत. कडेपर्यंत जाऊन ती आपणहून आत वळू लागली की समजा पहिला धडा झाला.

मग चौकोनातूनच सरळ रेघ काढा. टाचेला टाच लावून पंधरा पावलं चाला आणि प्रत्येक ठशात एक तुकडा दाबून ठेवा. वर ठेवलेला तुकडा डोळ्याला दिसतो, म्हणून दाबणं महत्त्वाचं. चालताना वारा तुमच्या पाठीवर असावा, म्हणजे कुत्रीलाही तो मागूनच लागेल. समोरून वारा आला तर पुढच्या खाऊचा वास हवेतून येतो आणि डोकं वर जातं. रेघेच्या टोकाला मूठभर खाऊ ठेवा आणि लांब ढांग टाकून बाजूला व्हा. आल्या पावली परत फिरू नका, नाहीतर माग दुहेरी होतो.

जमेल तशी लांबी वाढवा : वीस पावलं, तीस, पन्नास. वाढ केली आणि दुसऱ्या दिवशी ती गडबडली तर पुन्हा खाली या. खाऊ कमी करताना बहुतेकांचं चुकतं. आज प्रत्येक पावलाला, उद्या एकाआड एक, परवा दोनाआड, अशी ठराविक उतरण केली की कुत्रं पावलं मोजल्यासारखं उडी मारत पुढे जातं. म्हणून अंतर अनियमित ठेवा : चार पावलांत सलग, मग दोन रिकामी, मग एक, मग पाच रिकामी, पुन्हा तीन सलग. रिकाम्या पावलांवरही नाक खालीच राहिलं पाहिजे. ते उचललं गेलं तर तुम्ही घाई केली असं समजा.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे मुंग्या आणि साळुंक्या. माग दहा मिनिटांपेक्षा जास्त जुना करायला लागलात की तुकडे जागेवर राहत नाहीत. तेव्हा ओलसर चिकनऐवजी मंद आचेवर सुकवलेले तुकडे वापरा आणि ते थोडे खोल दाबा.

उदगीरहून : दहा महिन्यांचा लॅब्राडोर सरळ माग चांगला काढतो, पण वळणावर पुढे निघून जातो. मी दोरी ओढून वळवतो. शिवाय फार घाई करतो. पुढे परीक्षेला उतरवायचा आहे. काय करावं?

दोरी ओढणं आधी थांबवा. तुम्ही ओढता तेव्हा तो वळण नाकानं शोधत नाही, तुमच्या हाताची वाट बघतो. परीक्षेत दुसऱ्या पातळीपासून माग अनोळखी माणसानं टाकलेला असतो. तेव्हा वळण तुम्हालाही ठाऊक नसेल आणि दोघेही तिथेच उभे राहाल.

वळण आधी गोलाईनं शिकवा. औतानं शेताच्या टोकाला वळावं तशी मोठी कमान घ्या आणि कमानीवर प्रत्येक पावलात खाऊ ठेवा. आठवडाभरात ती आवळत काटकोनावर आणा. काटकोनात खाऊ नेमक्या कोपऱ्यावर ठेवू नका. कोपऱ्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावलापासून चार-पाच ठशांत ठेवा, म्हणजे बरोबर वळल्याचं बक्षीस त्याला लगेच मिळेल. कोपऱ्यावर खुणेची काठी रोवू नका. कुत्री काठी बघून वळायला फार लवकर शिकतात. खूण बांधावरचं बाभळीचं झाड, विजेचा खांब अशी दूरची ठेवा आणि वहीत नकाशा काढा. माग कुठून गेला हे तुम्हाला पावलानिशी माहीत असलं पाहिजे, नाहीतर कुत्रा बरोबर असताना तुम्ही त्याला अडवाल.

तो वळण ओलांडून गेला की जागेवर थांबा. दोरी ढिली नको, ओढही नको. दोरीच्या टप्प्यात त्याला घुटमळू द्या. वारा पाठीमागून असेल तर तो एक-दोन मीटर पुढे जाणारच, कारण वास तिकडे वाहिलेला असतो. मागावर परत आला, नाक खाली गेलं की तुम्ही पाऊल उचला. तुमचं चालू लागणं हीच त्याला मिळणारी पावती. अर्धा मिनिट घुटमळूनही सापडलं नाही तर शांतपणे चार पावलं मागे घ्या आणि पुन्हा जाऊ द्या. रागावू नका. रागावलेला कुत्रा पुढच्या वेळी वळणाआधीच बिचकतो आणि ही भीती घालवायला महिने लागतात.

घाईची कारणं वेगवेगळी असतात. फार उपाशी नेला असेल तर तो खाऊ गिळत धावतो. तेव्हा नेण्याआधी थोडं खायला द्या. टोकाला चेंडू ठेवत असाल तर तो चेंडूसाठी पळतो; चेंडू बंद करा. माग ताजा असेल तर वास इतका दाट असतो की नाक वर ठेवूनही काम भागतं. अशा वेळी माग वीस-तीस मिनिटं जुना होऊ द्या. आणि खाऊ पुन्हा दाट करा. बारीक तुकडे असले की थांबून उचलावे लागतात. दोरी त्याच्या पोटाखालून, मागच्या पायांमधून घेतली तर डोकं खाली राहायला मदत होते, पण ती त्याला रोखण्यासाठी वापरू नका.

तुमच्या ध्येयासाठी आकडे लिहून ठेवा. आयजीपी ही माग, आज्ञापालन आणि संरक्षण अशा तीन भागांची आंतरराष्ट्रीय परीक्षा. तिच्या नियमांत पहिल्या पातळीचा माग हाताळणाऱ्यानं स्वतः टाकलेला असतो : 300 पावलं, तीन रेघा, दोन काटकोन, मागावर टाकलेल्या आणि कुत्र्यानं दाखवायच्या दोन वस्तू, आणि 20 मिनिटं जुना. दुसऱ्या पातळीला अनोळखी माणसाची 400 पावलं आणि 30 मिनिटं. तिसऱ्या पातळीला 600 पावलं, पाच रेघा, तीन वस्तू आणि माग तासभर जुना. दोरी 10 मीटरची. शंभरपैकी 70 गुण मिळाले तर उत्तीर्ण. पहिल्या पातळीला कुत्रा किमान 18 महिन्यांचा लागतो आणि त्याआधी आज्ञापालन व वर्तणुकीची बीएच परीक्षा 15 महिन्यांनंतर द्यावी लागते. म्हणजे तुमच्याकडे आठ महिने आहेत. ते पुरेसे आहेत.

वस्तू दाखवणं मागापासून वेगळं, घरीच शिकवा. चामड्याचा, लाकडाचा, कापडाचा तुकडा घ्या. 10 सेंटिमीटर लांब, दोन-तीन सेंटिमीटर रुंद. अर्धा तास खिशात ठेवला की त्याला तुमचा वास लागतो. तो जमिनीवर ठेवा, वर खाऊ ठेवा आणि कुत्र्याला त्याच्यासमोर बसकण मारून, वस्तू दोन पंजांमध्ये येईल असं बसवा. वस्तू चावली तर गुण जातात, म्हणून खाऊ तोंडात न देता नेहमी वस्तूवरच द्या. हे पंधरा दिवस पक्कं झाल्यावरच ती मागावर आणा.

लोहा, जि. नांदेड : कारवानीचं सात महिन्यांचं पिल्लू आहे. हेही माग काढेल का? आमच्याकडे याच जातीला ससा दाखवून तयार करतात.

ससा दाखवणं बंद करा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सशाची शिकार गुन्हा आहे, आणि कुत्रं सोडून केलेली शिकारही शिकारच. याशिवाय, एकदा पळत्या जनावराची गोडी लागलेला कारवानी मोकळ्या रानात हाकेला ओ देत नाही. शेजाऱ्याच्या शेळीमागे गेला की भांडण तुमच्या दारात येतं.

कारवानी डोळ्याचा कुत्रा आहे, म्हणजे वासापेक्षा नजरेनं सावज हेरून धावणारा. नाक त्याला आहेच आणि वर दिलेल्या चौकोनाच्या पद्धतीनं तो माग शिकतोही. पण क्षितिजावर काही हललं की डोकं वर जाणारच. त्याच्याकडून 600 पावलं नाक खाली ठेवून घेण्याचा हट्ट धरण्यापेक्षा ज्यासाठी तो घडलाय ते करवून घ्या : कृत्रिम सावजामागची धाव. चाकावर गुंडाळणाऱ्या दोरीच्या टोकाला पांढरी पिशवी बांधून ती जमिनीलगत ओढतात आणि कुत्रा तिच्यामागे धावतो.

सात महिन्यांच्या पिल्लाला पूर्ण धाव अजून नको. आता एवढंच करा : दीड मीटरच्या काठीला तेवढीच दोरी, टोकाला चिंधी. चिंधी जमिनीवरच फिरवा. हवेत उचललीत तर पिल्लू उडी मारून वेडंवाकडं उतरतं आणि गुडघा दुखावतो. दोन-तीन मिनिटं खेळ, शेवटी चिंधी धरू द्या, मग खाऊ देऊन सोडवा. सोडायला शिकलेला कुत्रा पुढे मैदानात सांभाळता येतो. सरळ लांब धाव सव्वा वर्षानंतर, तीही आधी दहा मिनिटं चालवून अंग मोकळं केल्यावर. दगडगोट्यांचा माळ, भेगाळलेलं रान आणि विहिरीच्या कडेची जागा वर्ज्य. भेगेत पाय अडकून हाड मोडण्याचा धोका याच जातीला जास्त, कारण पाय लांब आणि वेग फार.

तुम्ही लोह्याचे आहात, तर माळेगावची यात्रा हाकेवर आहे. तिथल्या श्वान प्रदर्शनाला पिल्लू स्पर्धक म्हणून नाही तरी गर्दी, ढोल, घोडे, उंट बघायला न्या. कडेला उभं राहून, खाऊ देत. बाहेरच्या गोंगाटाची सवय झालेला कुत्रा कुठल्याही मैदानात निम्मा जिंकलेला असतो.

परळीजवळून : विहिरीवरची मोटार चोरीला गेली. माझं कुत्रं माग काढायला शिकलं आहे. त्याला लावावं का?

लावू नका. खेळातला माग आणि गुन्ह्याचा माग यांत फार अंतर आहे. तुमच्या कुत्र्याला ठरलेल्या ठिकाणाहून ठराविक पावलांचा माग माहीत आहे. विहिरीवर सालगडी, शेजारी, तुम्ही स्वतः, सगळ्यांची पावलं एकमेकांवर पडलेली असतात, आणि त्यातून एकाच माणसाचा वास निवडायचं शिक्षण वेगळं असतं. चोर मोटरसायकलवर बसला की पावलांचा माग तिथेच संपतो. आणि कुत्रं ज्याच्या दारात थांबलं तो चोर, असं गावात बोललं गेलं तर निरपराध माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. केवळ कुत्र्याच्या मागावरून दोष ठरवू नये, याबद्दल सर्वोच्च न्यायालयानंही सावध केलं आहे.

करायचं ते असं : विहिरीजवळ कोणालाही जाऊ देऊ नका, चोरानं हाताळलेली पाइप, पाना, फडकं उचलू नका आणि पोलिसांना कळवा. श्वानपथक आलं तर त्यांना न तुडवलेली जागा मिळणं हीच तुमची मोठी मदत.

जालन्याहून : पाच महिन्यांची डॉबरमन चार फुटी भिंत उडी मारून ओलांडते. अडथळ्यांच्या शर्यतीसाठी तयारी करतोय. चालेल ना?

नाही. भिंत ताबडतोब थांबवा. मोठ्या जातींत हाडांच्या टोकाच्या वाढीच्या कूर्चा बारा ते अठरा महिन्यांपर्यंत मऊ असतात. उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि इजा झाली तर पाय वाकडा वाढू शकतो. तोवर उडीची काठी पंजाच्या सांध्याइतकीच उंच ठेवा. जमिनीवर आडव्या टाकलेल्या पाच-सहा बांबूंवरून चालवत नेलं तर मागचे पाय कुठे पडतात याचं भान येतं. आता तेवढं हवं. बोगद्यासाठी प्लास्टिकचे पिंप कापणार असाल तर ते औषधाचे किंवा रसायनाचे नकोत, आणि कापलेल्या कडेला रबरी नळी चिरून बसवा. नागमोडी खांबांत 60 सेंटिमीटर अंतर असतं, पण लवचीक पाठ हवी म्हणून तेही वर्षानंतरच.

बीडहून : उन्हाळ्यात सराव चालू ठेवावा का? शिवाय शेजारच्या कापसावर फवारणी असते.

एप्रिल-मेमध्ये सराव सूर्य उगवायच्या आधी सुरू करून तो वर येण्याआधी संपवा, आणि माग 50-60 पावलांचाच ठेवा. त्या दिवसांत माती कोरडी आणि तापलेली असते, वास टिकत नाही. कुत्र्याला जमत नाही म्हणून निराश होऊ नका. घरात वस्तू दाखवण्याचा सराव करा. डांबरी रस्त्यावर हाताचा पंजा सात सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्यालाही तिथून नेऊ नका.

कुत्र्याचं तापमान एरवी साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, जीभ गडद लाल पडली, पाय लडखडले तर उष्माघात धरून चाला. सावलीत घ्या, पोटावर, मांड्यांवर, पंजांवर पाणी ओता आणि वारा घाला. ओलं गोणपाट अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्यात उष्णता कोंडते. ताप 39.5 वर आला की पाणी थांबवून दवाखाना गाठा.

फवारलेल्या कापसात आणि त्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला माग टाकू नका. किती दिवसांनी जायचं हे बाटलीवरच्या सूचनेवर ठरतं; शंका असेल तर दुसरं रान बघा. नाक जमिनीला लावून चालणाऱ्या जनावराच्या अंगात विष नाकातून, जिभेतून आणि पंजांतून जातं. लाळ गळणं, उलटी, अंग थरथरणं, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं ही फवारणीच्या विषबाधेची लक्षणं. अंगाला औषध लागलं असेल तर हातमोजे घालून साबणानं धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन पशुवैद्यकाकडे न्या. त्यावरचं नाव वाचून उपचार ठरतो.

प्रत्येक सरावानंतर पाच मिनिटं द्या : पंजांच्या बोटांमध्ये, कानांत, शेपटीखाली गोचीड आणि कुसळं शोधा. कुसळ नाकात गेलं की कुत्रा अचानक सलग शिंकतो, पंजानं नाक घासतो आणि कधी एकाच नाकपुडीतून रक्त येतं. घरी चिमटा घालू नका, कुसळ आणखी आत सरकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.